अर्ध्या मैदानाला तुमचं नाव

आप्पा, आज दुपारी तुमच्या घरून काकी आल्या होत्या. भर उन्हाच्या, डोक्यावर पदर घेऊन, एकट्या चालत. मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. पाणी दिलं ते घेतलं, चहाला नको म्हणाल्या, आणि बराच वेळ नुसत्या माझ्या हाताकडं बघत बसल्या. त्या कशाला आल्यात ते मला कळलेलं होतं. उद्या ग्रामपंचायतीची मासिक सभा आहे, शाळेमागच्या कबड्डीच्या मैदानाला तुमचं नाव द्यायचा ठराव त्यात येणार आहे, आणि मी आता पुन्हा सदस्य आहे. शेवटी काकी म्हणाल्या, "तुझ्याबिगर बी ठराव व्हईल गं, बाकीचे समदे हायेत. पर तुझा हात वर दिसला न्हाई तर लोकं बोलत्याल. आन् माझ्या बी जिवाला लागंल." मी म्हटलं, "बघते, काकी." त्या गेल्या, मेथी तशीच राहिली, आणि मी हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मनातल्या मनात तुमच्याशी माझं भांडण चालूच असतं. भाकरी थापताना चालू असतं, एसटीत बसल्यावर चालू असतं. तुम्ही समोर असताना ते करायची वेळ तुम्ही मला दिली नाहीत, म्हणून आज कागदावर करते.

काकींनी नाव काढलं तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं सांगू? आमचं स्वयंपाकघर. मी नववीत होते. तुम्ही कारखान्यातली पाळी संपवून थेट आमच्याकडं आला होता, पायावर उसाच्या गाड्यांची धूळ, आणि बैठकीत न बसता सरळ चुलीपुढं येऊन पाटावर बसलात. बाबा तालमीला कधी गेले नाहीत, त्यांना खेळाचं कौतुक नव्हतं. त्यांना विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते, म्हणून तुम्ही आईला विचारलंत. "वहिनी, पोरीला मैदानावर पाठवा. हाफ पँट घालावी लागंल, ते खोटं बोलत न्हाई." आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "आन् पाय मोडला मंजी? कोण करून घील तिला?" तुम्ही म्हणालात, "मोडला तर मी खांद्यावर घिऊन फिरवीन. करून घ्यायचं बी बघतो." आई हसली. आमच्या घरात बाईमाणसाला असं विचारणारा पुरुष मी तोवर बघितला नव्हता. त्या दिवशी तुम्ही तीन भाकरी खाल्ल्यात आणि मी मैदानावर गेले.

त्या मैदानाची माती तुम्ही स्वतः चाळलेली होती. घोडनदीकडची पोयट्याची माती ट्रॉलीनं आणायची, खडा न् खडा वेचायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. तुम्ही त्या काळी तालुक्यातले नावाजलेले चढाईवाले. तुम्ही मध्यरेषा ओलांडलीत की समोरचे सात जण मागं सरकायचे, हे मी लहानपणी भिंतीवर बसून बघितलंय. नोकरी तुम्हाला खेळावरच लागली होती आणि पुढं मतंही खेळावरच मिळाली. आपल्याकडं हे जुनंच आहे. कबड्डीत नाव झालं की माणूस आधी सोसायटीला उभा राहतो, मग पंचायत समितीला, मग त्याला कारखान्याचं संचालकपद दिसायला लागतं. मी पुष्कळदा विचार करते, लोक खेळाडूला मत का देतात? मला वाटतं, त्याला त्यांनी उघड्या अंगानं, मातीत लोळताना बघितलेलं असतं. याच्याकडं लपवायला काही नाही, असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

तुम्ही मला एकदाच शिक्षा केलीत. साखळी धरून पकड करायची होती. डाव्या कोपऱ्यावर मी, माझा हात धरून माझी मैत्रीण. चढाईवाली आत आली, मी मैत्रिणीचा हात सोडून एकटीच तिच्या घोट्यावर झेप घेतली आणि तिला पाडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सामना संपल्यावर तुम्ही म्हणालात, "हात सोडून गडी मारला, शाब्बास. आता दोघी हात धरा आन् असंच घरी जा. गावातनं. सोडलेला दिसला तर उद्यापासनं येऊ नका." आम्ही दोघी पंधरा-सोळाच्या. चावडीवरून, पिठाच्या गिरणीवरून, मारुतीच्या पारावरून हात धरून गेलो. पारावरचे म्हातारे म्हणाले, "काय गं, नवरानवरी झाली का तुमची?" मैत्रीण रडायच्या बेतात आणि मला हसू आवरेना. घराजवळ आल्यावरही आम्ही हात सोडला नाही, तुम्ही कुठून बघत असाल कुणास ठाऊक म्हणून.

नंतर निमोण्याच्या स्पर्धेत माझा गुडघा गेला. तुम्ही खरंच मला खांद्यावर टाकून जीपपर्यंत नेलंत. शिरूरला डॉक्टरांनी खेळ बंद म्हणून सांगितलं तेव्हा मी रडले नाही, तुमचेच डोळे भरले. पुढच्या आठवड्यात तुम्ही पुण्याहून गुडघ्याला बांधायचा पट्टा आणून दिलात आणि म्हणालात, "खेळू नगंस, पर मैदानावर यीत जा. पोरींना वरडायला कुणीतरी पायजे." आईला दिलेला दुसरा शब्दही तुम्ही पाळलात. स्थळ तुम्हीच आणलंत, गावातलंच, तुमच्याच टीममधला गडी. मैत्रिणीचंही गावातच जमवलंत. पोरी बाहेर दिल्या तर टीम फुटेल, म्हणून तुम्ही गावातल्या गावात लग्नं जुळवता, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट वाटायचं, आपल्यामागं कुणीतरी आहे.

मग तुम्ही पंचायत समितीला निवडून आलात, आणि त्यानंतर गावच्या निवडणुकीत सगळं पॅनेलच खेळाडूंचं उभं केलंत. सरपंचपद बाईला राखीव निघालं. तुम्ही माझ्या ओट्यावर येऊन म्हणालात, "तू." मी म्हटलं, "आप्पा, मला त्यातलं काय कळतंय?" तुम्ही म्हणालात, "कबड्डीतलं तरी कुठं कळत व्हतं?" नऊ जागांमधल्या सात आपल्या आल्या, मैत्रीणही निवडून आली. गुलालानं माझे केस आठवडाभर लाल होते. पहिले काही महिने तुम्ही म्हणाल तिथं मी सही केली. ग्रामसेवक कागद पुढं ठेवायचे आणि म्हणायचे, "आप्पांचं झालंय बोलणं." मला त्यात कमीपणा वाटला नाही. पण हळूहळू कागद वाचायला लागले. पाण्याच्या टाकीचं काम अडलेलं, ते मी स्वतः चार वेळा पंचायत समितीत जाऊन सोडवलं. तुम्हीच कुणाला तरी अभिमानानं सांगितलंत म्हणे, "माझी पोरगी हाय. वाघीण." ते ऐकून मी दिवसभर हवेत होते.

आणि मग ते गाळ्यांचं आलं. मैदानाची रस्त्याकडची बाजू तोडून तिथं दुकानगाळे बांधायचे, आणि ते बांधायचं काम तालुक्यातल्या साहेबांच्या मेव्हण्याला द्यायचं. हे तुम्ही मला सांगत होता. ज्यांनी ती माती चाळली, ते तुम्ही. मी आधी चेष्टाच समजले. "मैदान कुठं पळून चाललंय? पट्टी तर घ्यायची हाय," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "आप्पा, ती पट्टी गेली तर राहिलेल्यात दोन मैदानं बसायची न्हाईत. पोरींचं मैदान जाईल." तुम्ही खाली बघून म्हणालात, "जिल्हा परिषदेचं तिकीट साहेबांच्या हातात हाय. कायतरी द्यावं लागतं, तवा कायतरी मिळतं." निदान एवढं खरं बोललात. मी म्हटलं, "मी हा विषय सभेपुढं घेणार न्हाई. तुम्हाला राग आला तर मारा मला, पर घेणार न्हाई." तुम्ही रागावला नाहीत. चहा संपवलात, उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "बरं बाई. तुझं खरं." मी भाबडी. मला वाटलं, मी तुम्हाला पटवलं. रात्री ह्यांना सांगितलं, "बघितलंत, आप्पा समजूतदार हायेत."

त्यानंतर पंधरवडा झाला असेल. चैत्राचं ऊन तापत होतं. सकाळी तुम्ही ओट्यापाशी आलात, आत आला नाहीत. "भांडगावला जुन्या खेळाडूंची मॅच ठिवलीय, दाखवायची. आपली समदी निघाल्यात. तुझा गुडघा हाय, तू कशाला दगदग करतीस?" मी हिरमुसले, पण म्हटलं, निदान डबा तरी देते. मी भाकरी केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, कोरडं पिठलं केलं, पाण्याचा जार भरून दिला. जीप चावडीपुढं उभी होती. आपले सगळे सदस्य आत, समोरच्या पॅनेलमधला एक जणही आत बसलेला. मी म्हटलं, "ह्यो कसा?" तर तुम्ही म्हणालात, "त्यो बी खेळायचा की मागं." टपावर बॅगा बांधलेल्या होत्या. मॅच एका दिवसाची आणि बॅगा आठवड्याच्या. मी मैत्रिणीला हसून म्हटलंसुद्धा, "काय गं, भांडगावला नांदायला निघालीस काय?" ती खिडकीपाशी बसली होती, मांडीवर धाकटं पोर. ती माझ्याकडं बघत नव्हती. मग एकदम म्हणाली, "पोराचं स्वेटर राहिलं वाटतं घरी."

आप्पा, आपल्या शिरूरच्या उन्हात, चैत्रात, स्वेटर. शेंबड्या पोराला कळलं असतं. आपल्याकडं अविश्वास ठराव आणायचा असला की सदस्यांना उचलून थंड हवेच्या ठिकाणी नेऊन ठेवतात आणि मतदानाच्या दिवशी थेट सभेत उतरवतात, हे मला काय माहीत नव्हतं? दर पाच वर्षांनी कुठल्या ना कुठल्या गावाची ही सहल निघते, आम्ही पोटभर हसतो. पण तुम्ही होता ना तिथं उभे. तुम्ही मॅच म्हणालात म्हणजे मॅच. माझ्या मनात एवढंच आलं की पोराला कफाचा त्रास आहे, जीपमध्ये वारं लागेल. म्हणून मी दुखरा गुडघा घेऊन मैत्रिणीच्या घरी गेले, तिच्या सासूकडून स्वेटर मागून घेतलं आणि खिडकीतून तिच्या हातात दिलं. वर जीपच्या चाकापाशी नारळ फोडला. "जिंकून या," म्हटलं. तुम्ही पुढच्या सीटवर बसलात आणि दार लावून घेतलंत.

दुसऱ्या दिवशी तहसीलमधून शिपाई नोटीस घेऊन आला. माझ्यावर अविश्वास ठराव. खाली सह्या. त्या जीपमध्ये बसायच्या आधीच शिरूरला जाऊन केलेल्या. मी ओट्यावर उभी राहून नोटीस तीनदा वाचली आणि पहिला फोन कुणाला लावला असेल? तुम्हाला. मला वाटलं, तुम्हालाही फसवून नेलंय. तुमचा फोन बंद होता. सगळ्यांचे बंद होते. ह्यांनी मोटारसायकल काढली, न्हावऱ्यावरून चौफुल्याला गेले, भांडगावात चौकशी केली. तिथं मॅच नव्हतीच. दौंडपर्यंत जाऊन रात्री परत आले आणि दारातच म्हणाले, "आप्पाच हायेत यामागं." मी त्यांच्या अंगावर धावून गेले. नवऱ्याशी तशी भांडले ती तेव्हाच. सभेपर्यंतचे सगळे दिवस मी तुमची बाजू घेऊन गावाशी भांडत होते. लोक माझ्याकडं कसं बघत असतील, आता विचार केला तरी कान तापतात.

सभेच्या दिवशी जीप आली ती थेट ग्रामपंचायतीच्या दारात. सगळ्यांची तोंडं उजळलेली, थंड हवेतली. तुम्ही रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभे राहिलात, कारण तुम्हाला आत यायचा अधिकार नव्हता. बाई सरपंच असली की ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. नऊमधली सात. म्हणजे मी सोडून आठ उरले, त्यातला एक जरी सुटला असता आणि दुसरा डगमगला असता तरी मी वाचत होते. तहसीलदारांनी हात वर करायला सांगितले. मी एकेकाकडं बघत गेले. कुणाला मी मैदानात पाणी पाजलेलं, कुणाच्या बायकोच्या बाळंतपणाला मी रात्रभर जागलेली. सहा हात झाले. सातवी मैत्रीण. तिचा हात आधी मांडीवर होता, मग टेबलावर आला, मग तिनं खिडकीतून लिंबाकडं बघितलं आणि हात वर केला. आठवा होता समोरच्या पॅनेलमधला म्हातारा, जो निवडणुकीत मला नाही नाही ते बोलला होता. तो हाताची घडी घालून बसला होता. बाहेर पडताना माझ्याशेजारून जाताना म्हणाला, "तुला मी पाडायलाच उभा व्हतो, पोरी. पर आसं न्हाई." सगळ्या गावात मला तेवढं एक वाक्य मिळालं, आणि तेही विरोधकाकडून.

तुम्ही लिंबाखालून हलला नाहीत. मी पायऱ्या उतरून तुमच्याकडं यायला निघाले होते, खरं सांगते. मला फक्त विचारायचं होतं. पण कुणीतरी गुलाल उधळला, तुम्ही जीपमध्ये बसलात, आणि माझ्या पातळावर तो गुलाल पडला. केसानं गळा कापला, असं आई म्हणाली.

आरक्षण बाईचंच होतं, तेव्हा दुसरी बाई लागणारच होती. मैत्रीण सरपंच झाली. गाळ्यांचा ठराव तिच्या पहिल्याच सभेत मंजूर झाला. पोरींचं मैदान गेलं. त्या वर्षी ज्या पोरी सातवी-आठवीत होत्या, त्यातली एकही पुढं खेळली नाही. आज तिथं मोबाईलचं दुकान आहे, खताचं आहे, बिहारी पोरांचं सलून आहे. उरलेल्या तुकड्यात मुलं क्रिकेट खेळतात आणि वर्षातून एकदा, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला, कबड्डी होते. त्या अर्ध्या मैदानाला आता तुमचं नाव द्यायचंय. अर्धं कुणी केलं, हे ठरावात कुणी लिहिणार नाही.

मैत्रीण वर्षभरानं पिठाच्या गिरणीत भेटली. दोघींचे डबे रांगेत शेजारी. तीच आधी म्हणाली, "आप्पा म्हणले, म्या हात वर केला. आप्पांनी तुला सांगितलं असतं तर तू न्हाई केला असतास?" मी तिथल्या तिथं म्हटलं, "मला सांगितलं असतं ना, तर तुमच्या सहलीचा खर्च वाचला असता. मी त्याच दिवशी राजीनामा दिला असता. आप्पांनी नुसतं उतर म्हणायचं होतं." गिरणीतली सगळी माणसं ऐकत होती. त्या दिवसापासून हे वाक्य मी गावभर बोलत आले. मागितलं असतं तर दिलं असतं, चोरायची काय गरज होती. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाई म्हणायच्या, आपलेच दात आन् आपलेच ओठ. ह्यांचं मात्र वेगळंच. हे म्हणायचे, "आप्पा चढाईवाले. पायाकडं हात दाखवून खांद्याला शिवणार. त्यांचा खेळच त्यो. राजकारणात असंच असतं, मनावर घेऊ नगंस." मला त्या बोलण्याचा जेवढा राग येतो तेवढा दुसऱ्या कशाचा येत नाही. असंच असतं म्हणून सोडून द्यायचं असतं तर मला हात धरून गावातनं कशाला फिरवलंत?

तिकीट तुम्हाला मिळालं नाहीच. साहेबांनी ते त्याच मेव्हण्याला दिलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी त्या दिवशी शिरा केला. आणि मग एकदा तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात तुम्ही दिसलात. वाळलेले, सदरा खांद्यावरून ओघळलेला, पिशवीत दोन गवारीच्या जुड्या. आजूबाजूला एकही कार्यकर्ता नाही. मी वळून जाणार होते, पण गर्दीनं वाट अडली आणि आपण समोरासमोर आलो. तुम्ही माझ्या पायाकडं बघितलंत आणि म्हणालात, "गुडगा कसा हाय?" मी म्हटलं, "बरा हाय." तुम्ही म्हणालात, "हिवाळ्यात जप." एवढंच. आणि भाजीवाल्याकडं वळलात. आप्पा, मला माफी नको होती. 'चुकलं' एवढं तीन अक्षरी बोलायला तुम्हाला काय झालं होतं? तुम्ही माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत आणि मला पुन्हा नववीतली पोरगी करून टाकलंत. मी घरी येऊन त्यासाठी रडले, सरपंचपदासाठी रडले नव्हते.

तुमच्या आजारपणात मी आले नाही. दौंडच्या दवाखान्यात ठेवलंय, असं कळलं. काकींनी निरोपही पाठवला होता. मैत्रीण गेली, सगळी टीम गेली, मी शेतात खुरपत बसले. दहाव्याला नदीवर आले तेव्हा बायका मला बघून बाजूला सरकल्या. काकींनी मात्र जवळ बसवून घेतलं. त्यांना सगळं माहीत होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि आजही विचारलं नाही. ह्या वेळी मी कुणाच्याही पॅनेलशिवाय उभी राहिले आणि निवडून आले. प्रचारात एका म्हातारीनं मला विचारलं, "तू आप्पांची पोरगी न्हवं?" मी हो म्हटलं. मत पाहिजे होतं म्हणून म्हटलं असेल, नाहीतर तोंडातून तेच निघालं असेल.

उद्याचं माझं ठरलंय. हात वर करणार आहे. काकींनी चालत येऊन मागितलं म्हणून, आणि ती माती तुम्ही चाळलीत हे कुणीच खोटं म्हणू शकत नाही म्हणून. पण हात वर करायच्या आधी मी उठून बोलणार आहे. ठरावात मैदान मूळ केवढं होतं आणि आज केवढं उरलंय, दोन्ही लिहा, मग खाली नाव घाला. मैत्रीणही आता सदस्य आहे, ती समोरच बसलेली असेल. तिला ते वाचून दाखवायला लावणार आहे. लोक म्हणतील, मेलेल्या माणसावर काय सूड. म्हणू देत. तुम्ही जिवंत असताना सगळे तुमच्याच बाजूनं हात वर करत होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. काकींच्या हाती तर अजिबात पडायला नको. सकाळी पाणी तापवायच्या बंबात घालीन. पण जाळायच्या आधी एक गोष्ट लिहिते, जी मी गिरणीत बोलले नाही, ह्यांना बोलले नाही, आईला ती जाईपर्यंत बोलले नाही. मागितलं असतं तर दिलं असतं, हे खरं नाही, आप्पा. त्या दिवशी ओट्यावर बसून तुम्ही 'पोरी, उतर' म्हणाला असता, हात जोडले असते, रडला असता, तरी मी राजीनामा दिला नसता. मी पंचायत समितीत एकटी जाऊन आले होते, कागद वाचायला शिकले होते, मला ती खुर्ची आवडली होती आणि मैदान माझं झालं होतं. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात तेव्हा बहुतेक तुमच्या हातालाच ते कळलं. गावात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. म्हणून तुम्ही मागितलं नाहीत. एवढं समजून सुद्धा माझा राग तसाच आहे.